आधी पूर्वपक्ष: ख्रिस्ती विचार आणि समर्थनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात काय शिकतात?

अपोलोगिया हा ग्रीक शब्द मूळचा न्यायालयातला. आरोप वाचून झाले, की आरोपीने उभं राहून स्वतःच्या बाजूने जे बोलायचं ते अपोलोगिया. इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सच्या पंचांपुढे सॉक्रेटिस जे बोलला ते याच नावाने ओळखलं जातं, आणि त्यात माफीचा लवलेशही नाही. पुढे याच शब्दावरून इंग्रजीत ‘अपॉलॉजी’ आला, त्याचा अर्थ फिरत फिरत ‘माफी’ झाला, आणि ‘मी अपॉलोजेटिक्समध्ये एम.ए. करतोय’ असं कुणी सांगितलं की ऐकणारा बुचकळ्यात पडू लागला. माफी मागायचंही शिक्षण असतं का?

बायबलच्या नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) हा शब्द येतो. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कायम तयार असा, असं तिथे म्हटलंय. आणि लगेच पुढे, ते सौम्यपणे आणि आदराने द्या, असंही. या विद्याशाखेची सनद म्हणून हेच वचन दाखवलं जातं. त्याचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा पुष्कळांच्या हातून सुटतो.

मराठीत या विषयाला समर्थनशास्त्र म्हणता येईल. शब्द बरोबर आहे, पण त्यातून एक गैरसमज होतो: आपली बाजू आधीच ठरलेली, आता तिच्यासाठी दारूगोळा जमवायचा. चांगल्या विद्यापीठात हा विषय शिकायला जाणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांतच वेगळा अनुभव येतो. त्याचं नेमकं वर्णन करणारा शब्द आपल्या शास्त्रपरंपरेत आहे, तो म्हणजे पूर्वपक्ष. आपलं मत सांगण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं, तेही असं की तो स्वतः मान डोलावेल. मग त्याचं खंडन, आणि मग सिद्धांत. या अभ्यासाचा सगळा कस पूर्वपक्षात लागतो, असं माझं ठाम मत आहे. उत्तरं पुस्तकांत मिळतात. आक्षेप खऱ्या ताकदीने समजणं मात्र स्वतः शिकावं लागतं.

तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस (मृत्यू 1274) हेच करत होता. त्याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या अपुऱ्या राहिलेल्या महाग्रंथात प्रत्येक प्रश्नाची बांधणी ठरलेली आहे. आधी त्याच्या मताविरुद्धचे आक्षेप, मग ‘परंतु याउलट’ म्हणून एक आधारवचन, मग त्याचं विवेचन, आणि शेवटी सुरुवातीच्या प्रत्येक आक्षेपाला वेगवेगळं उत्तर. ‘देव आहे का?’ या प्रश्नाखाली तो पहिला आक्षेप कोणता नोंदवतो? अनंत चांगला देव असता तर जगात वाईट उरलंच नसतं. दुसरा आक्षेप असा, की जगातल्या सगळ्या गोष्टींचा उलगडा निसर्गाने आणि माणसाच्या बुद्धीने होत असेल तर देव मानायची गरजच काय? आजचा नास्तिक विचारवंत यापेक्षा फार वेगळं काही म्हणत नाही. मठात राहणाऱ्या एका संन्याशाने साडेसातशे वर्षांपूर्वी ते आपणहून पहिल्या ओळीत लिहून ठेवलं.

दोन विद्या, एक पदवी

अभ्यासक्रमाच्या नावात दोन गोष्टी असतात आणि त्या एकच नाहीत. ‘ख्रिस्ती विचार’ म्हणजे ख्रिस्ती लोकांनी दोन हजार वर्षांत देव, माणूस, पाप, तारण (म्हणजे पापातून सुटका), इतिहास यांबद्दल काय मानलं आणि तसं का मानलं, याचा अभ्यास. समर्थनशास्त्र हा त्यापुढचा प्रश्न: हे खरं मानायला कारण काय? पहिलं पक्कं नसताना दुसऱ्याला हात घालणारा माणूस ज्या गोष्टीचा बचाव करतो, ती त्यालाच धड माहीत नसते. म्हणून बहुतेक अभ्यासक्रमांत सुरुवातीला सिद्धांतांचा इतिहास कसून शिकवतात. त्याची चव कळावी म्हणून एकच प्रसंग पाहू.

इ.स. 325. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया इथे बिशपांची परिषद बोलावली. वाद होता अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीचा. त्याचं म्हणणं साधं होतं आणि त्याला वचनांचा आधारही होता: पिता एकटाच अनादी, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, कितीही थोर असला तरी तो निर्माण केलेला, म्हणजे तो नव्हता असं कधीतरी होतंच. परिषदेने हे नाकारलं आणि मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत, एक शब्द घातला, ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याशी एकतत्त्व. शब्द बायबलमधला नव्हता, तो तत्त्वज्ञांच्या बोलीतला होता, म्हणून आरियसला न मानणारेही कित्येक जण त्याला बिचकले. पुढच्या काही दशकांत मधला मार्ग म्हणून ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सदृश तत्त्वाचा, असा शब्द पुढे आला. दोन्हींत फरक एका ‘आयोटा’ या अक्षराचा. एका अक्षरासाठी इतकं भांडण कशाला, अशी थट्टा तेव्हापासून होत आली आहे.

पण आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक एका वेलांटीचाच आहे. आरियसचा मोठा विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने प्रश्न लावून धरला तो असा: जो स्वतःच निर्माण केलेला आहे, तो माणसाला देवाशी कसा जोडू शकेल? पूल दोन्ही काठांना टेकलेला हवा. म्हणजे वाद शब्दाचा दिसत असला तरी खाली प्रश्न तारणाचा होता. 451 मध्ये काल्सेडनच्या परिषदेने पुढचं पाऊल टाकलं: ख्रिस्त एक व्यक्ती, स्वभाव दोन, आणि त्या दोहोंचा संबंध सांगणारे चार शब्द. मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. चारही नकार. ‘नेति नेति’ ज्यांच्या कानावर आहे त्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. गूढ काय आहे ते सांगता येत नसेल, तर निदान ते काय नाही याची कुंपणं घालायची.

हे वाचताना विद्यार्थ्याने आरियसलाही न्याय द्यायचा असतो. एखाद्या परीक्षेत चक्क त्याच्या बाजूने दोन पानं लिहायला सांगितली, तर त्यात वावगं काही नाही. हरलेल्या बाजूचं म्हणणं का पटण्यासारखं होतं हे कळल्याशिवाय जिंकलेल्या बाजूने नेमकं काय वाचवलं तेही कळत नाही.

बचावाचा इतिहास

समर्थनाची परंपरा विद्यापीठांच्या कितीतरी आधीची. प्रेषित पौल अथेन्समध्ये अरीयपग या टेकडीवर तत्त्वज्ञांशी बोलला तेव्हा त्याने त्यांच्याच कवीची ओळ उद्धृत केली (प्रेषितांची कृत्ये 17). दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने थेट सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून ‘अपोलोगिया’ लिहिली. तेव्हा ख्रिस्ती लोकांवर नास्तिक असल्याचा आरोप होता, कारण ते रोमच्या देवतांना मानत नसत. माणसाचं मांस खातात अशाही वावड्या होत्या. जस्टिनचं मागणं एवढंच होतं, की नावावरून शिक्षा देऊ नका, वागणूक तपासा. पुढे त्यालाच देहदंड झाला. तिसऱ्या शतकात ओरिजेनने सेल्सस या टीकाकाराला उत्तर लिहिलं. सेल्ससचं मूळ पुस्तक हरवलं. आज त्याचं जे काही आपल्याला माहीत आहे ते बहुतेक ओरिजेनच्या उत्तरामुळे, कारण खोडून काढण्याआधी त्याने सेल्ससची वाक्यंच्या वाक्यं उतरवून घेतली होती. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला की प्रतिपक्षही टिकून राहतो, तो असा. 410 मध्ये रोम लुटलं गेलं, लोक म्हणाले हे जुने देव सोडल्याचं फळ, आणि ऑगस्टीनने तेरा वर्षं खपून ‘देवाची नगरी’ लिहून काढली.

या इतिहासात एक मराठी नावही आहे, आणि ते जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. 1839 मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश माणसाने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू शास्त्रांवर टीका केली. त्याला संस्कृतातच उत्तरं आली, त्यांतलं एक काशीतल्या तरुण नीळकंठशास्त्री गोरे यांचं, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. याच गोऱ्यांनी 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव धारण केलं आणि पुढे षड्दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. दोन्ही बाजूंनी एवढ्या तयारीने लिहिलेला माणूस या विद्येत विरळा. कुठलीही बाजू घेऊन वाचा, त्यांच्या लेखनात समोरच्याला हलकं लेखून मारलेला फटका सापडणं कठीण.

एक आक्षेप, अगदी आतून

आता खुद्द समर्थनशास्त्राच्या वर्गात काय होतं? सगळ्यात जास्त वेळ जातो तो दुःखाच्या प्रश्नावर, आणि जायलाच हवा.

1955 मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने हा प्रश्न तर्काच्या धारदार भाषेत मांडला. देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्णपणे चांगला आहे. तरीही जगात वाईट आहे. मॅकी म्हणाला, यांतली कोणतीही दोन विधानं खरी धरली की तिसरं खोटं ठरतं. म्हणजे श्रद्धावंताचं म्हणणं नुसतं पुराव्याअभावी लटकं नाही, ते स्वतःशीच विसंगत आहे. चौकोनी वर्तुळासारखं.

याला आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1974 मध्ये जे उत्तर दिलं ते या क्षेत्रातला मैलाचा दगड मानतात. त्याने आधी एक भेद केला. देव वाईट का घडू देतो याचं खरं कारण सांगणं ही एक गोष्ट. असं कारण असू शकतं एवढंच दाखवणं ही दुसरी. पहिलीला थिओडिसी म्हणतात, दुसरीला नुसता बचाव. मॅकीचा आरोप विसंगतीचा आहे, म्हणून त्याला दुसरी पुरते. विसंगती मोडायला शक्य कोटीतलं एक उदाहरण बास. मग प्लँटिंगाने इच्छास्वातंत्र्याचा आधार घेतला. खरोखर स्वतंत्र माणसं असलेलं जग मोलाचं आहे. पण स्वतंत्र माणसाने चांगलंच निवडावं, याची हमी देवही देऊ शकत नाही, कारण हमी दिली की स्वातंत्र्य संपलं. म्हणून अशीही शक्यता उरते, की स्वतंत्र माणसं असलेलं कोणतंही जग घडवलं तरी त्यात काही वाईट शिरलंच असतं. ही शक्यता खरी आहे असा दावा तो करत नाही. ती शक्य आहे, एवढंच म्हणतो.

वर्गातला नवखा विद्यार्थी इथे टाळ्या वाजवतो. प्रश्न सुटला! मग प्राध्यापक विल्यम रोवचा 1979 मधला लेख हातात ठेवतात.

रोव स्वतः नास्तिक. तरी त्याने मान्य केलं, की देव आणि वाईट यांच्यात तार्किक विसंगती कुणाला सिद्ध करता आलेली नाही. त्याने विसंगतीचा धागा सोडून दिला आणि विचारलं, पुरावा कुठे झुकतो? त्याचं उदाहरण असं: दूर जंगलात वीज पडून वणवा लागतो, एक हरणाचं पाडस भाजतं, आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. हे कुणी पाहिलं नाही, त्यातून कुणी काही शिकलं नाही, आणि इथे कुणाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं नव्हतं. याचा काही उपयोग झाला असेल असं खरंच वाटतं? आणि अशी पाडसं किती?

इथे इच्छास्वातंत्र्याचं उत्तर तोकडं पडतं, हे उघड आहे. पुढचं उत्तर वेगळ्या दिशेने येतं. खोलीत हत्ती दिसत नसेल तर खोलीत हत्ती नाही असं म्हणता येतं. पण खोलीत जंतू दिसत नाहीत म्हणून जंतू नाहीत, असं म्हणता येत नाही. जे असतं तर दिसलंच असतं, त्याच्याच बाबतीत न दिसणं हा पुरावा ठरतो. मग अनंत बुद्धीच्या देवाची कारणं आपल्याला दिसायलाच हवीत, हे कशावरून? उत्तर चांगलं आहे. पण त्यावरही आक्षेप आहे, तोही वजनदार: देवाची कारणं आपल्या आकलनापलीकडची असतील, तर देवाने दिलेली वचनं आपल्याला समजतात त्याच अर्थाने खरी आहेत, हे तरी कशावरून? आणि प्रत्येक यातनेमागे काहीतरी भलं लपलेलं असू शकत असेल, तर ती थांबवायला आपण धावायचं की नाही?

हे असं चालू राहतं. काहींना याचा वैताग येतो. मला मात्र हीच या विषयाची खरी श्रीमंती वाटते, कारण प्रत्येक पायरीवर आपण आधी नेमकं काय म्हणालो होतो ते जास्त स्वच्छ कळत जातं.

आणि एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात ईयोब या सज्जन माणसावर संकटं कोसळतात, आणि त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून राहतात. मग ते बोलू लागतात, त्याच्या दुःखाची कारणं सांगतात, देवाचा बचाव करतात. आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो (42:7). ज्याचं मूल गेलंय त्याच्यासमोर प्लँटिंगा काढू नये. तर्काने पडलेल्या प्रश्नाला तर्क हवा आणि छातीत पडलेल्या खड्ड्याला माणूस हवा, हे ओळखता येणं हा याच अभ्यासाचा भाग आहे.

चमत्कार, लॉटरी आणि एक पाळक

दुसरा मोठा विषय इतिहासाचा. ख्रिस्ती श्रद्धा एका घटनेवर उभी आहे, येशूच्या पुनरुत्थानावर. ते झालं नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, असं पौलानेच लिहून ठेवलंय. मग इतिहासाची साधनं तिथे लागू पडतात का?

डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये म्हटलं, शहाणा माणूस पुराव्याच्या मापाने विश्वास ठेवतो. निसर्गनियम म्हणजे आजवरचा अखंड अनुभव. तो मोडल्याची साक्ष खरी मानायची तर ती साक्ष खोटी असणं हाच त्याहून मोठा चमत्कार ठरायला हवा. साधं करून सांगायचं तर असं: मित्र म्हणाला बसने आलो, आपण मान हलवतो. तोच मित्र, तेवढाच सच्चा, म्हणाला उडत आलो, तर आपण त्याच्याकडे बघत राहतो. साक्षीदार बदललेला नाही, गोष्टीची मूळ शक्यता बदलली.

या ‘मूळ शक्यते’चं गणित ज्याने मांडलं तो थॉमस बेझ एक पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, होता. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला, तो रिचर्ड प्राइस या दुसऱ्या पाळकामुळे. आणि पुढे प्राइसने शक्यतेचं गणित ह्यूमला उत्तर द्यायला वापरलं. त्याचा मुद्दा लॉटरीचा होता. अमुक एकच नंबर लागण्याची शक्यता अगदी नगण्य असते, तरी वर्तमानपत्रात तो छापून आला की आपण तो खरा मानतो. म्हणजे नुसत्या मूळ शक्यतेवर निकाल देता येत नाही. ती गोष्ट घडली नसती तर अशी बातमी आली असती का, हेही तोलावं लागतं.

इथे चांगला विद्यार्थी हात वर करतो: लॉटरीत कुठला ना कुठला नंबर लागणारच असतो, मेलेल्यांतून कुणी ना कुणी उठणारच, असं काही नाही. बरोबर. म्हणून सगळा वाद मूळ शक्यतेवर येऊन थांबतो, आणि ती देव आहे की नाही यावर आपण आधी काय मानतो त्यावर अवलंबून असते. ऑक्सफर्डच्या रिचर्ड स्विनबर्नने 1979 पासून हेच गणित पद्धतशीर वापरलं, आधी देवाच्या अस्तित्वासाठी आणि मग पुनरुत्थानासाठी.

पण आकड्यांच्या आधी साधनं. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र साधारण 53 ते 55 मधलं, म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांच्या आतलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो, मला जे मिळालं ते मी तुमच्या स्वाधीन केलं, आणि मग घोटून घोटून तोंडात बसल्यासारखी चार-पाच वाक्यं येतात: तो मेला, पुरला गेला, उठवला गेला, दिसला. ही वाक्यं पत्राहून जुनी आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात, श्रद्धा नसलेलेही. मात्र त्या यादीत रिकाम्या कबरेचा आणि तिथे गेलेल्या स्त्रियांचा उल्लेख नाही. तो शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चार चरित्रांत, येतो, आणि तिथेही चौघांचे तपशील पुरते जुळत नाहीत. यातलं काय कशाचा पुरावा, कोणता फरक किरकोळ आणि कोणता मूळावर येणारा, हे ठरवायला शिकण्यात एखादं सत्र सहज निघून जातं.

इथे ग्रीक कामी येतं. ‘विश्वास’ या अर्थाने नव्या करारात येणारा शब्द आहे ‘पिस्तिस’. तोच शब्द अ‍ॅरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रात ‘पटवून देणारा आधार’ या अर्थाने येतो, आणि प्रेषितांची कृत्ये 17:31 मध्ये त्याचा अर्थ ‘खात्री’कडे झुकतो. पुरावा एकीकडे आणि विश्वास दुसरीकडे, अशी जी फाळणी आपण गृहीत धरतो ती त्या शब्दात नव्हतीच. हे अनुवादातून कळत नाही.

घरातलीच भांडणं

समर्थन कसं करावं यावर ख्रिस्ती विचारवंतांचं एकमत नाही. अक्वायनसच्या वाटेने जाणारे आधी तर्काने देव सिद्ध करू पाहतात, मग ख्रिस्ताकडे येतात. पुरावावादी थेट इतिहासाला हात घालतात. फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयात) शिकवणारा कॉर्नेलियस व्हॅन टिल म्हणे, तटस्थ जमीन कुठेच नाही. तर्क वापरतानाही माणूस काहीतरी गृहीत धरूनच चालतो, म्हणून गृहीतकांवरच बोला. प्लँटिंगा आणि त्याच्या साथीदारांचं म्हणणं, की इतरांना मन आहे किंवा कालचा दिवस खरोखर होऊन गेला हे आपण पुराव्याशिवायच, आणि योग्य रीतीने, मानतो. मग देवावरची श्रद्धाही तशीच पायाभूत का असू नये?

आणि विसाव्या शतकातला स्विस धर्मचिंतक कार्ल बार्थ. 1934 मध्ये एमिल ब्रुनर या सहकाऱ्याने निसर्गातून देवाच्या ज्ञानाकडे जाणारी थोडीशी वाट मोकळी ठेवू पाहिली, तेव्हा बार्थने दिलेल्या लेखी उत्तराचं शीर्षकच होतं ‘नाही!’. माणसाच्या बुद्धीच्या जिन्याने देवाकडे जाता येत नाही. तो बोलला तरच कळतो. ते जर्मनीतले दिवस कोणते होते हे आठवलं, की त्या नकाराची तीव्रता समजते: राष्ट्र, वंश आणि रक्त यांतच देवाची वाणी ऐकू येते, असं सांगणारे ख्रिस्ती तेव्हा चर्चमध्ये बळावले होते. गंमत म्हणजे स्कॉटलंडमधली गिफर्ड व्याख्यानं, जी 1888 पासून खास निसर्गाधारित ईशज्ञानासाठीच चालू आहेत, ती द्यायला 1937-38 मध्ये याच बार्थला बोलावलं, आणि त्याने सुरुवातीलाच आपला विरोध सांगून टाकला. समर्थनशास्त्र शिकणाऱ्याने बार्थ जरूर वाचावा. आपल्या विद्येचाच पूर्वपक्ष तो मांडतो.

पदवी घेण्याआधी

व्यवहाराचं थोडक्यात. अमेरिकेत एम.ए. साधारण दोन वर्षांचं, एम.डिव्ह. ही पाळकपदाची तयारी करून घेणारी पदवी तीन वर्षांची, तिच्यात उपदेश आणि समुपदेशनही येतं. पुढे संशोधन करायचं असेल तर पीएच.डी.; तिथे ग्रीक-हिब्रूच्या जोडीला जर्मन किंवा लॅटिन लागू शकतं. कॅलिफोर्नियातल्या बायोला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान आणि पुराव्यांवर भर दिसतो, तर ह्यूस्टन ख्रिश्चन विद्यापीठात साहित्य, कला आणि कल्पनाशक्ती यांच्या वाटेने जाणारी शाखाही आहे. संस्था कोणतीही असो, मान्यता आहे का हे आधी तपासावं. ती श्रद्धेच्या घोषणापत्रावर सही मागते का, हेही बघावं. अनेक सेमिनरी मागतात, सरकारी विद्यापीठांतले धर्मअभ्यास विभाग मागत नाहीत. दोन्हींत शिकता येतं, पण वातावरण वेगळं असतं. आणि वाचनाच्या याद्या मागवून घ्याव्यात. ह्यूम, मॅकी, रोव यांचे मूळ लेख यादीत नसतील आणि त्यांना दिलेली उत्तरंच तेवढी असतील, तर मी तिथे जाणार नाही.

श्रद्धा नसलेल्याने हा अभ्यास करावा का? जरूर. विद्यापीठाच्या विभागांत असे विद्यार्थी असतात आणि वर्गाला त्यांचा फायदाच होतो. श्रद्धा असलेल्याला इथे आल्यावर ती डळमळेल अशी भीती असते. तीही अगदीच निराधार नाही. काहींची डळमळते, काहींची खोल जाते, पुष्कळांची बदलून दुसऱ्याच आकाराची होते. आधीपासून सांगता येत नाही.

अर्ज भरण्याआधी एक करून बघा. तुमच्या श्रद्धेवरचा, किंवा श्रद्धा नसेल तर तुमच्या अश्रद्धेवरचा, जो आक्षेप तुम्हाला खरोखर टोचतो तो निवडा आणि त्याच्या बाजूने दोन पानं लिहा. उत्तर लिहू नका, शेवटच्या ओळीत ‘पण’ही नको. मग ती पानं तसं मानणाऱ्या ओळखीच्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, तुझं म्हणणं हेच ना? ‘नाही’ म्हणाले, तर कुठे चुकलं ते ऐकून घ्या आणि पुन्हा लिहा.